कायद्यातली रात्र

केझियाने भावाच्या जाकिटाच्या खिशातून साखळीसकट घड्याळ ओढून काढलं आणि टेबलावर, उकडलेल्या बटाट्यांच्या वाडग्याशेजारी ठेवलं.

“किती वाजलेत म्हणतंय हे?”

हर्बर्ट लार्टरने काटा खाली ठेवला नाही. “तुला वाचता येतं की.”

“पावणेदोन. आणि स्टेशनात आत्ता सव्वा वाजलाय.”

“मग स्टेशनात जाऊन जेव.”

ती हसली नाही. चर्चमधून घरी जाऊन लगेच इकडे आली होती. डोक्यावरची काळी टोपीही तिने काढली नव्हती. हर्बर्ट हवेलीच्या रानांचा राखणदार होता, पाद्र्याचं रान म्हणत तेही त्यातलंच. त्याची बायको वारल्याला चार वर्षं झाली होती आणि दर रविवारी केझिया त्याला कणकेचे उकडलेले गोळे आणि रस्सा आणून देत असे. आज तिने रिकाम्या हाताने यायचं ठरवलं होतं, पण निघताना भांडं उचललंच. ते आता मधोमध वाफाळत होतं आणि हर्बर्ट त्यातलं अर्धं संपवून बसला होता.

थर्नबी गावात वेळ चालायची ती हवेलीच्या तबेल्यावरच्या घड्याळाची. म्हाताऱ्या जहागीरदाराला बंदुकीचा नाद होता. नॉरफोकातला हिवाळ्याचा दिवस आधीच तोकडा, त्यात पाहुणे उशिरा उठणार. म्हणून त्याने एका शिकारीच्या हंगामात तबेल्यावरचं घड्याळ अर्धा तास पुढे करायला लावलं. तो मेला, त्याचा मुलगा आला, मधे महायुद्ध होऊन गेलं, पण घड्याळाला पुन्हा कुणी हात लावला नाही. शाळेची घंटा, चर्चची घंटा, शेतावरची दुपारची सुट्टी, सगळं त्याच्यावर चाले. आगगाडी पकडायची असली तरच माणसं अर्धा तास वजा करत. बाकी वेळी इंग्लंड मागे आहे, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

“मंगळवारी कोर्टात विचारतील,” केझिया म्हणाली, “की माझ्या अमोसला रानात पकडलंस तेव्हा किती वाजले होते. तू काय सांगणार?”

“पाच वाजून पाच मिनिटं. घड्याळ बघितलं होतं मी. पेलसाहेबांना त्याच दिवशी तसं सांगितलंय.”

“ते हवेलीचे पाच.”

“माझ्याकडे हेच घड्याळ आहे.”

“मी बाजाराच्या दिवशी कोर्टाच्या कारकुनाला भेटून आले, बर्ट. त्याने पुस्तक उघडून वाचून दाखवलं. सूर्य मावळल्यावर एक तास जाऊ द्यायचा. मग रात्र. त्याच्या आधी कितीही काळोख असला तरी कायद्याला ती रात्र नाही. रात्री कुणी दुसऱ्याच्या रानात पाखरं मारायला शिरला तर तीन महिने सक्तमजुरी. दिवसा शिरला तर दंड. त्या दिवशी रात्र पडली पावणेपाचला. खऱ्या पावणेपाचला. तू त्याची कॉलर धरलीस तेव्हा त्याला अजून दहा मिनिटं होती.”

“दहा मिनिटांनी काय फरक पडतो?”

“दंड भरता येतो. तीन महिने कुठून भरू?”

हर्बर्टने पावाच्या तुकड्याने ताटलीतला रस्सा पुसून घेतला. केझियाचा नवरा अमोस गॉट्स हा ब्लूमच्या शेतावर घोडे सांभाळायचा. घर ब्लूमचं होतं. ब्लूम वाईट माणूस नव्हता. त्याने दारात येऊन, टोपी हातात धरून सांगितलं होतं की घोड्यांना पहाटे चारा लागतो, अमोस आत गेला तर दुसरा माणूस ठेवावा लागेल, आणि दुसऱ्या माणसालाही डोक्यावर छप्पर लागेल. नाताळापर्यंत तो थांबेल. पोरींसाठी त्याने सफरचंदंही आणली होती.

“मी खरं सांगितलं,” हर्बर्ट म्हणाला, “तर पेलसाहेब मला हे घर देतील राहायला? हवेलीचे कारभारी आहेत ते, आणि घर हवेलीचं. पाद्र्याच्या रानात दर हंगामाला पाखरं कमी पडली की बोलणी कोण खातं? मी. तुझा नवरा गुत्त्यात बसून मला बिअर पाजायचा आणि म्हणायचा, ‘पी रे, हर्बर्ट, हीसुद्धा तुझ्याच पाखरांची आहे.’ सगळं गाव हसायचं. वीस वर्षं.”

“आणि आता पकडलंस म्हणून मिशीला पीळ.”

“आहेच मुळी.”

“पकडलंस कसं पण? विचार केलास कधी? वीस वर्षं जो माणूस तुझ्या कुत्र्यांना सापडला नाही, तो चहाच्या वेळेला झाडाखाली गलोल घेऊन उभा होता आणि तू सरळ चालत जाऊन...”

ती मधेच थांबली. टेबलावरच्या मेणकापडावर सांडलेला रस्सा तिने बोटाने पुसला, मग बोट एप्रनला पुसायला गेली आणि आज एप्रन घातलेला नाही हे लक्षात येऊन हात तसाच धरून बसली.

“म्हणजे?” हर्बर्टने विचारलं.

“काही नाही. भांडं धुऊन ठेव. उद्या पोरीला पाठवते न्यायला.”

सुगी संपल्यापासून केझिया बघत होती. अंधार पडल्यावर अमोस अंगणातल्या पंपाकडे जायचा तो भिंतीला हात लावून. घरात दिवा असला तरी त्याच्या उजेडाबाहेर ठेवलेला कप त्याला सापडायचा नाही. मग तो उगाच पाइप शोधत असल्यासारखा टेबल चाचपायचा. दिवसा ठीक. दिवसा तो नांगराची सरी दोरीत आखल्यासारखी काढायचा. त्याने तिला काही सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. फक्त खुर्च्या ती आता जागच्या हलवत नसे.

दिवस कलताना ती घरी आली तेव्हा अमोस चुलीपाशी बसून कोर्टासाठी बुटांना काळं लावत होता. खिडकीतून अजून थोडा उजेड येत होता.

“गेली होतीस वाटतं भावाकडे,” तो म्हणाला. “राखणदारसाहेब बरे आहेत ना? नाही, एवढा मोठा प्राणी पकडला. धाप लागली असेल.”

“त्याला सांगून आले. घड्याळाचं.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“ब्लूमने सांगितलं होतं. सफरचंदं घेऊन आला होता तेव्हा.”

अमोसने बूट फिरवून टाच घासायला घेतली. “हे बघ, केझ. दिवसाउजेडी पाखरं मारतात ती शहरातून सायकलवर येणारी पोरं. ज्यांना झाडाखाली नीट उभंही राहता येत नाही. मी माझ्या बापाबरोबर काळोखात शिकलो. गावात कुणीही सांगेल. मला कोर्टाने विचारलं तर मी सांगणार, रात्र होती.”

“रात्र नव्हती.”

“रात्रच होती. शनिवारी रात्री गुत्त्यात जातो म्हणतो तेव्हा किती वाजलेले असतात? सहा. तेव्हा नाही म्हणत तू, की अमोस, अजून रात्र झाली नाही. दिवा लावला की रात्र. सगळं गाव तसंच म्हणतं.”

“सगळं गाव तीन महिने आत नाही जाणार.”

“मी जाईन की. ताठ मानेने जाईन.”

“आणि आम्ही? आम्ही ताठ मानेने कुठे जायचं? गुत्त्यात?”

खोलीतला उजेड एवढ्यात बराच ओसरला होता. अमोसने बुरूश ठेवून फडक्यासाठी हात पुढे केला, तो स्टुलाच्या रिकाम्या बाजूला पडला. फडकं दुसऱ्या बाजूला होतं. हात थोडा वेळ लाकडावरून फिरला. केझियाने फडकं उचललं, त्याच्या बोटांना लागेल असं पुढे सरकवलं, आणि दिवा लावायला वळली.

मंगळवारी बाजारगावात कोर्ट भरलं ते धान्यबाजाराच्या वरच्या मजल्यावर. खाली व्यापारी जवाचे नमुने हातावर घेऊन घासाघीस करत होते. त्यांचा आवाज फळ्यांमधून वर येत होता. थर्नबीहून गुत्त्यातले पाच-सहाजण पायी आले होते आणि मागच्या बाकावर ओळीने बसले होते, वॉल्टर बन मधोमध. अमोसला आत आणलं तेव्हा वॉल्टरने हळूच दोन बोटं कपाळाला लावली. अमोस ताठ उभा राहिला. केझिया भिंतीच्या बाजूला, खिडकीपासून दूर बसली होती.

न्यायासनावर मधे कॅप्टन हॉवेल होते. आरमारातून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी या भागात राहायला आलेले. त्यांच्या शेजारी बसलेले बियाण्यांचे व्यापारी अधूनमधून खालच्या आवाजाकडे कान देत होते. हवेलीच्या बाजूने वकील स्टॅनर्ड बोलत होते. त्यांच्या मागे कारभारी पेल, हातमोजे मांडीवर ठेवून.

हर्बर्टने शपथ घेतली. पाद्र्याच्या रानात आपण गस्तीवर होतो. ओकच्या झाडाखाली आरोपी उभा दिसला. हातात गलोल, खिशात दोन फेझंट पाखरं, दोन्ही गरम.

“किती वाजले होते?” स्टॅनर्डनी विचारलं.

“पाच वाजून पाच मिनिटं.”

“घड्याळ पाहिलंत?”

“पाहिलं.”

स्टॅनर्डनी पंचांगाचं पान कारकुनापुढे सरकवलं. त्या दिवशी सूर्य पावणेचारला मावळला होता. पावणेपाचला कायद्याप्रमाणे रात्र सुरू झाली. आरोपी पाचनंतर सापडला. “शिवाय,” ते म्हणाले, “तुम्हाला पाहून आरोपी काय म्हणाला?”

“गुड नाइट, हर्बर्ट, असं म्हणाला.”

“म्हणजे रात्र असल्याचं त्याने स्वतःच त्याच क्षणी कबूल केलं.”

“मिस्टर स्टॅनर्ड,” कॅप्टन हॉवेल म्हणाले, “आमची मोलकरीण नोव्हेंबरमध्ये चार वाजता घरी जाताना मला गुड नाइट म्हणते. इथली माणसं वाटेत भेटली तरी तेच म्हणतात. मला सुरुवातीला वाटायचं, लोकांना मी नकोसा झालोय. पुढे चला.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

आरोपीला साक्षीदाराला काही विचारायचं आहे का, असं कारकुनाने विचारलं. केझिया पुढे वाकली. एकच प्रश्न होता. लहान मुलानेही विचारला असता.

“नाही,” अमोस म्हणाला.

“काहीच नाही? तुमच्यावरचा आरोप रात्रीच्या चोरशिकारीचा आहे. परिणाम ठाऊक आहे ना?”

“आहे, साहेब. रात्रच होती. दिवसा मी घोडे हाकतो.”

आता मागचा बाक उघड हसला. वॉल्टर बनने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. केझिया स्वतःच्या हातमोज्यांच्या शिवणीकडे बघत राहिली. कॅप्टननी लेखणी उचलली आणि हर्बर्टला खाली उतरायला खूण केली.

हर्बर्ट उतरला नाही. त्याने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

“साहेब, ती वेळ हवेलीची.”

“काय म्हणालात?”

“पाच वाजून पाच. ती हवेलीची वेळ सांगितली मी. आमच्याकडे घड्याळं अर्धा तास पुढे असतात. तुमच्या हिशेबाने चार वाजून पस्तीस मिनिटं.”

पेलने मांडीवरचे हातमोजे उचलले आणि पुन्हा ठेवले. कॅप्टन हॉवेल कारकुनाकडे वळले. कारकून याच भागातला होता. त्याने मान डोलावली, जणू पावसाबद्दल विचारलं होतं.

“म्हणजे,” कॅप्टन म्हणाले, “थर्नबीत माणसं माझ्यापेक्षा अर्धा तास आधी म्हातारी होतात?”

“होत असतील, साहेब.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“किती वाजले एवढंच विचारलं होतं.”

हशा ओसरेपर्यंत स्टॅनर्ड उभे राहिले होते. ते घाईत नव्हते. साक्षीदार आरोपीच्या पत्नीचा भाऊ आहे, ते म्हणाले, आणि आता स्वतःच्याच घड्याळाबद्दल त्याला शंका येऊ लागली आहे. ठीक आहे. प्रश्न पाच-दहा मिनिटांचा आहे, आणि एवढ्या मिनिटांसाठी अशा घड्याळावर कुणी विसंबू नये. घड्याळ बाजूला ठेवू. पण आरोपीने भर कोर्टात, कुणीही न विचारता, रात्र होती असं सांगितलं आहे. “आणि या बाबतीत त्याचा शब्द मानावा लागेल. या गावच्या रानांमधली रात्र अमोस गॉट्सइतकी कुणाला कळत नाही, अशी त्याची ख्याती आहे. तो वीस वर्षं काळोखात फिरतोय. त्याला दिवस आणि रात्र यांतला फरक आपण शिकवायला नको.”

मागच्या बाकावरच्या माना हलल्या. वकील विरुद्ध बाजूचा होता, पण बोलत होता ते त्यांना पसंत होतं.

कॅप्टन हॉवेलनी शेजारच्या मॅजिस्ट्रेटशी दोन शब्द बोलून घेतले. मग अमोसला साक्षीदाराच्या जागी यायला सांगितलं. त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली.

“गॉट्स, तुम्ही त्या रानात होतात. लार्टर म्हणतात साडेचार. वकीलसाहेब म्हणतात, कुणास ठाऊक. मी तिथे नव्हतो. रात्र या शब्दाचा अर्थ काय ते माझ्यावर सोडा, ते पुस्तकात लिहिलेलं आहे. तुम्ही मला एवढंच सांगा, तुम्हाला काय दिसत होतं?”

अमोसने आधी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे खिडकीचा उजेड होता आणि सगळे चेहरे त्याच्याकडे होते. मग त्याने मान भिंतीकडे वळवली, केझिया बसली होती त्या बाजूला. तो बघत होता तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर, जिथे कुणीच नव्हतं. केझिया सरकून त्या जागेवर जाऊन बसली.

“पाखरं दिसत होती, साहेब,” तो म्हणाला.

“कुठे?”

“फांदीवर. मागे आभाळ उजळ होतं. त्यांच्या शेपट्या दिसत होत्या. मोजता येत होत्या.”

“आणि लार्टर?”

“तो दिसला नाही. तो झाडीतून आला. तिथे काळोख होता.”

“म्हणजे काळोख होता,” स्टॅनर्ड म्हणाले.

“मला होता.”

कॅप्टननी हात वर करून वकिलांना थांबवलं. “तुम्हाला होता म्हणजे?”

खाली कुणीतरी पोतं टाकलं, त्याचा धप्पकन आवाज झाला. अमोसने तो विरून जाऊ दिला.

“रात्री मी जात नाही आता. सुगीपासून एकदाही गेलो नाही. उजेड आहे तोवर जातो आणि उजेड आहे तोवर परत येतो. त्या दिवशी थोडा उशीर झाला.”

“मग मघाशी रात्र होती असं का म्हणालात?”

“लोक म्हणतात म्हणून.”

“कोण लोक?”

अमोसने मागच्या बाकाकडे मान वळवली. तो पुन्हा बोलला तेव्हा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता, मागपर्यंत पोचेल असा.

“रात्री मला दिसत नाही, साहेब.”

“काय दिसत नाही?”

“काहीच. माझं अंगणसुद्धा नाही.”

मागच्या बाकावर वॉल्टर बन टोपीच्या आतली शिवण तपासत होता. हर्बर्ट दाराजवळ उभा होता. त्याने एकदा अमोसकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे, आणि त्याचं तोंड अशा माणसासारखं झालं, ज्याला कुणी पैसे मोजून घेतलेली वस्तू परत मागितली आहे.

पुढचं सगळं लवकर उरकलं. रात्रीचा आरोप फेटाळला. दिवसा अतिक्रमण केल्याबद्दल नवा आरोप तिथेच मांडला गेला. अमोसने तो कबूल केला, दंड झाला, भरायला महिन्याची मुदत मिळाली. कॅप्टन हॉवेल म्हणाले की डोळे एखाद्या डॉक्टरला दाखवून घ्यावेत, आणि पुढची, एका सायकलवाल्याची केस पुकारली गेली.

जिन्यावर पेल हर्बर्टच्या जवळून गेला. “उद्या सकाळी कचेरीत या, लार्टर. नऊ वाजता.”

“कुठले नऊ, साहेब?”

पेल हातमोजे चढवत खाली उतरला. केझिया दोन पायऱ्या वर होती. तिने खाली येऊन भावाच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

“आता काय करशील?” तिने विचारलं.

“नऊला जाईन. मग बघू.” त्याने मान हलवून कॉलर सोडवून घेतली. “मला सांगितलं असतंस तर.”

“काय?”

“डोळ्यांचं. मी गुत्त्यात सगळ्यांना पाजली, केझ. त्याला पकडला म्हणून.”

तो एवढंच बोलला आणि मागच्या गल्लीने निघून गेला.

बाहेर चौकात दुकानदारांनी दिवे लावायला सुरुवात केली होती. थर्नबीचे लोक पंपापाशी जमले होते. बाजारगावातून घरी जायची त्यांची वाट नेहमीची होती, नदीकाठच्या दलदलीतून, बांधावरून, मग ब्लूमच्या बिटाच्या शेतातून. रस्त्याने गेलं तर दुप्पट अंतर. चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात भाडोत्री गाडी उभी होती. ताडपत्रीचं छप्पर, आत समोरासमोर दोन फळ्या. तिच्यातून बायका जात, म्हातारे जात, खुराड्यातल्या कोंबड्या जात. पाय धड असलेला पुरुष थर्नबीत त्या गाडीत बसत नसे. सामान तेवढं चढवून द्यायचा आणि चालू लागायचा.

केझिया गाडीत चढून बसली होती. तिथून तिला चौक दिसत होता. तिने हाक मारली नाही.

“चल, अमोस,” वॉल्टर बन म्हणाला. “उजेड आहे तोवर बांध गाठू.” बोलून झाल्यावर शब्द परत घ्यावेत असं त्याला वाटलं असावं, कारण तो लगेच खाकरला. “म्हणजे... आम्ही आहोत की. सावकाश जाऊ.”

“व्हा तुम्ही पुढे,” अमोस म्हणाला.

“अरे, आम्ही...”

“पुढे व्हा, वॉल्टर. तुला उशीर झाला तर तुझी बायको मला बोलेल.”

ते थोडे घुटमळले, मग निघाले. अमोस पंपापाशी एकटाच राहिला. मग धान्यबाजाराच्या भिंतीला उजवा हात लावून चालू लागला. भिंत संपली तिथे थांबला, दोन पावलं हात मोकळा ठेवून आला, आणि त्याला गाडीचं चाक सापडलं. गाडीवाला घोड्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने पायरी खाली केली.

आत म्हाताऱ्या मिसेस केटल होत्या, दोन बहिणी होत्या, आणि पिशवीत एक बदक. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. मग मिसेस केटल म्हणाल्या, “सरका गं. माणसाला पाय ठेवायला जागा करा.” बहिणी सरकल्या. अमोस वाकून आत आला आणि केझियाच्या शेजारी बसला. गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. केझियाने मांडीवरची टोपली उचलली.

“धर हे,” ती म्हणाली.

त्याने टोपली धरली.

गाडी नदीवरचा पूल ओलांडून गेली तेव्हा ताडपत्रीच्या फटीतून बाहेरचं काही दिसेनासं झालं होतं. बहिणी बदकाच्या भावावरून बोलू लागल्या होत्या. मिसेस केटल पेंगत होत्या. अमोस रस्त्याकडे तोंड करून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने, फक्त केझियाला ऐकू जाईल असं, विचारलं, “गिरणीचं वळण आलं का?”

“अजून नाही,” ती म्हणाली. “आलं की सांगते.”